देवरिया तालची एकटीची वाट

सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत तुम्हाला कुणीही काहीही विचारलं नाही, असा दिवस शेवटचा कधी आला होता? डबा भरला का, पांढरा शर्ट कुठे आहे, गॅस बुक केला का, आजीची गोळी दिली का? जरा आठवून बघा. मी आठवायला बसले, तेव्हा बावन्न वर्षांच्या आयुष्यात असा एकही दिवस सापडला नाही.

घरच्यांवर राग नव्हता. माणसं चांगली आहेत, म्हणूनच तर विचारतात. पण असा एक दिवस कसा असतो, हे एकदा बघायचं होतं. तो दिवस मला उत्तराखंडातल्या एका छोट्याशा तळ्याकाठी मिळाला. त्याची ही गोष्ट. तुमच्याही मनात असं काही असेल, तर वाटेची माहितीही सांगते.

चौघींचा बेत, एकीची तयारी

आम्ही चोवीस वर्षांपासून दिल्लीत राहतो. सोसायटीतल्या आम्ही चौघींनी एप्रिलमध्ये देवरिया तालला जायचं ठरवलं. सारी गावातल्या एका घरगुती होमस्टेला आगाऊ पैसेही पाठवले. मग नेहमीप्रमाणे एकेक गळत गेली. एकीच्या मुलाची परीक्षा पुढे ढकलली गेली, एकीचा गुडघा सुजला, एकीच्या मुलीच्या सासरची मंडळी येणार म्हणून तिचं राहिलं. उरले मी.

नवरा म्हणाला, ‘‘राहू दे, पुढच्या वर्षी आपण दोघं जाऊ.’’ आमच्या घरात ‘पुढच्या वर्षी’ म्हणत कितीतरी गोष्टी निजवल्या आहेत. लेक म्हणाली, ‘‘आई, एकटी? तुला गूगल मॅपसुद्धा नीट लावता येत नाही.’’

बोलल्या त्या सासूबाई. वय ८१. त्या म्हणाल्या, ‘‘मी एकटी कधी पोस्टापर्यंतसुद्धा गेले नाही. तू जा. फक्त परत कधी येणार, ते कुणाला तरी सांगून जा.’’

तेव्हा मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाची काळजी बोलतेय. ही एकच सूचना सगळ्या सामानापेक्षा कामाची होती, हे नंतर कळलं.

हेच तळं का?

पहिल्यांदा एकटीने डोंगरात जायचं, तर जागा निवडून घ्यावी. देवरिया ताल रुद्रप्रयाग जिल्ह्यात, समुद्रसपाटीपासून २,४३८ मीटर उंचीवर आहे. पायथ्याचं सारी गाव साधारण २,००० मीटरवर. म्हणजे आपलं कळसूबाई (१,६४६ मीटर) जिथे संपतं, त्याच्याही बरंच वर हे गाव सुरू होतं. पण गावापासून तळ्यापर्यंतची वाट जेमतेम अडीच-तीन किलोमीटरची. ठळक, बरीचशी दगडी फरसबंदी, चुकायला फारसा वाव नाही. खाली गाव, वाटेवर गावातल्या लोकांची ये-जा, वर वन खात्याची चौकी. सकाळी जाऊन दुपारी परत येता येतं.

दिल्लीहून कश्मीरी गेटवरून रात्रीची बस धरली, की पहाटे ऋषिकेश. तिथून सकाळी लवकर पहाडाकडे बस आणि शेअर जीप सुटतात. देवप्रयागला भागीरथी आणि अलकनंदा एकत्र येतात, तिथून पुढे त्या नदीला गंगा म्हणतात. रुद्रप्रयागला अलकनंदेला मंदाकिनी मिळते. इथे बद्रीनाथचा रस्ता सोडायचा आणि मंदाकिनीच्या काठाने उखीमठकडे वळायचं. ऋषिकेश ते उखीमठ साधारण १८० किलोमीटर आहे, पण हे पहाडातले किलोमीटर! आख्खा दिवस धरून चाला.

उखीमठचं ओंकारेश्वर मंदिर म्हणजे केदारनाथाचं हिवाळ्यातलं घर. केदारनाथचं मंदिर बर्फामुळे बंद असतं, तेव्हा पूजा इथे होते. केदारनाथची दारं उघडायच्या आधीचे एप्रिलचे दिवस असल्याने गर्दी नव्हती. उखीमठहून चोपत्याच्या रस्त्याला लागून पुढे सारीचा फाटा येतो. जीपमधून सारीला उतरले, तेव्हा अंधार पडत होता. घरमालकीण अंगणात उभी होती.

‘‘अकेली आयी हो, दीदी?’’

‘‘हां, दीदी.’’

वयाने कोण मोठं, हे दोघींनाही ठरवता येत नव्हतं. शेवटपर्यंत आम्ही एकमेकींना दीदीच म्हणत राहिलो.

निघायला उशीर

रात्री तिने बजावलं होतं, ‘‘सकाळी सहाला निघा. दहानंतर ढग येतात, मग चौखंबा दिसत नाही.’’ चौखंबा म्हणजे ७,१३८ मीटर उंचीचं, चार खांबांसारखी चार शिखरं असलेलं पर्वतशिखर. हवा स्वच्छ आणि वारा पडलेला असेल, तर ते आख्खं या तळ्याच्या पाण्यात दिसतं. त्यासाठीच लोक इथे येतात.

मी पावणेसहाला उठले. मग घरी फोन केला. कामवाली आली नव्हती. गॅसचा ओटीपी माझ्याच मोबाइलवर येणार होता. नवऱ्याला सासूबाईंचा चष्मा सापडत नव्हता. तो फ्रिजवर होता. पाचशे किलोमीटरवरून मी तो शोधून दिला. हे सगळं होता होता साडेआठ वाजले.

तुम्ही हसाल, पण इथे मी स्वतःला फसवत होते. खरं म्हणजे मला भीती वाटत होती. घरच्या कामांचं निमित्त पुढे करून मी जाणं लांबवत होते. हे लिहितेय, कारण तुमच्या बाबतीतही असं होईल. त्या दिवशीचा पहिला चढ डोंगरावर नव्हता, उंबरठ्यावर होता.

निघताना दीदीने पराठे बांधून दिले आणि विचारलं, ‘‘कितने बजे तक?’’ मी म्हटलं, ‘‘दोन वाजेपर्यंत परत येते.’’ तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे एकदा पाहिलं आणि मान हलवली.

चढण

गाव संपता संपताच वाट उभी होते. पहिल्या पंधरा मिनिटांत धाप लागली. यात लाजण्यासारखं काही नाही. एवढ्या उंचीवर दिल्ली-मुंबईच्या फुप्फुसांना थोडं जड जातंच. मी वीस पावलं मोजायचे, थांबायचे, श्वास घ्यायचा, पुन्हा वीस. ग्रुपमध्ये असते, तर मागे पडू नये म्हणून धावले असते. एकटीचा हा पहिला फायदा. आपला वेग आपणच ठरवायचा.

थोडं वर गेल्यावर शंकराचं एक जुनं दगडी मंदिर लागतं. तिथून खाली पाहिलं. पायऱ्यापायऱ्यांची शेतं, कोवळा गहू, मध्ये सारीची घरं.

पुढे बांज आणि बुरांसचं जंगल. बांज म्हणजे तिथला ओक. त्याची पानं गुरांना चारा म्हणून जातात. बुरांस म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉन, उत्तराखंडचा राज्यवृक्ष. आपल्याकडे फाल्गुनात पळस पेटतो, तसा हा वसंतात लालभडक होतो. वाटेवर फुलांचा सडा होता. या फुलांचं सरबत गावात घरोघरी करतात. झाडीत शीळ ऐकू आली. सह्याद्रीत पावसाळ्यात पहाटे ऐकू येणाऱ्या शीळकरी कस्तुराचा हा हिमालयातला भाऊबंद, निळा कस्तूर. परक्या जंगलात ओळखीचा सूर ऐकल्यावर माझ्या खांद्यांवरचा ताण उतरला.

वळणावर तीन बायका समोरून उतरत आल्या. पाठीवर गवताचे एवढे मोठे भारे, की नुसते पाय दिसत होते. गढवालमध्ये यांना घसियारी म्हणतात. भारे बांधावर टेकवून त्या थांबल्या. मी एकटी आहे हे कळल्यावर एकीने विचारलं, ‘‘डर नहीं लगता?’’

मी जरा ऐटीत म्हटलं, ‘‘नाही. तुम्हीही रोज येताच की.’’

‘‘येतो,’’ ती हसून म्हणाली, ‘‘पण एकटी कुणीच येत नाही. भालू आहे, गुलदार आहे. आम्ही गाणी म्हणत जातो, मोठ्याने बोलत जातो.’’ मग दुसरीने विचारलं, ‘‘कुणाच्या घरी उतरलात?’’ मी सांगितलं. तिने मान डोलावली आणि भारा उचलला.

मला थोडा राग आला. इतक्या लांब कशासाठी आले? कुणी चौकशी करू नये म्हणूनच ना! आणि इथेही कुणाच्या घरची, कधी आली, कधी जाणार. पण चार पावलं गेल्यावर लक्षात आलं, की आता माझ्याबद्दल चार जणींना माहीत आहे. वर चौकीवर शुल्क भरून नाव लिहिलं, तेव्हा पाच माणसं झाली. माझ्या एकटीच्या वाटेवर हळूहळू पहारा उभा राहत होता. मी न मागता.

तळ्याकाठी

दहा वाजून वीस मिनिटांनी झाडी संपली आणि तळं समोर आलं. तळं मोठं नाही. चारही बाजूंनी गवताचा काठ, मागे गर्द जंगल, मध्ये हिरवट शांत पाणी. आणि उत्तरेला, जिथे चौखंबा असायला हवा होता, तिथे पांढरा पडदा. ढग माझ्याआधी पोहोचले होते.

वाईट वाटलं. मग एका दगडावर बसले.

या तळ्याशी महाभारतातली एक गोष्ट जोडलेली आहे. यक्षाने पांडवांना प्रश्न विचारले ते इथेच, असं गावकरी मानतात. आधी उत्तर दे, मग पाणी पी, असं यक्ष बजावत होता. चार भावांनी ऐकलं नाही आणि ते तिथेच पडले. ऐकलं ते एकट्या युधिष्ठिराने. त्या प्रश्नांत एक प्रश्न असा आहे, की प्रवासाला निघालेल्याचा मित्र कोण? युधिष्ठिर म्हणतो, बरोबरीने चालणारा तांडा. लहानपणी हे ऐकताना मला ते अगदी साधं उत्तर वाटलं होतं. त्या घसियारी बायकांनी मघाशी वेगळं काय सांगितलं होतं?

पहिला अर्धा तास मला बसवेना. मोबाइलला रेंज नव्हती, तरी तीनदा काढून पाहिला. पर्स आवरली. मनातल्या मनात संध्याकाळची भाजी ठरवली. ती इथे करायचीच नव्हती! कुणीतरी आत्ता मला हाक मारेल आणि मी उठेन, असं शरीराला वाटत राहिलं. हाक आली नाही.

मग पराठे उघडले. बटाट्याचा पराठा आणि मिरचीचं लोणचं. सांगायला साधी गोष्ट आहे, पण ते जेवण मी मध्ये एकदाही न उठता संपवलं. मीठ आणायला नाही, पोळी वाढायला नाही, दार उघडायला नाही. किती वर्षांनी, कोण जाणे. डोळ्यांत पाणी आलं. मिरची तिखट होती, असं म्हणू या.

साडेअकराच्या सुमारास ढगांत एक फट पडली. बर्फाचा एक खांदा उन्हात चमकला. पाण्यात एक पांढरा तुकडा उमटला. मी उभी राहिले, तेवढ्यात वाऱ्याने पाणी थरथरलं आणि फट बुजली. चौखंब्याचं माझं दर्शन एवढंच.

साडेबारा

काठावर कॉलेजच्या मुलामुलींचा एक ग्रुप होता. बरोबर स्थानिक गाइड होता. ते पुढे रोहिणी बुग्याळमार्गे चोपत्याकडे निघाले होते. बुग्याळ म्हणजे उंचावरचं गवताळ माळरान. एक मुलगी म्हणाली, ‘‘आंटी, चलो ना हमारे साथ! थोडं वरपर्यंत या, तिथून ढगांच्या वर दिसेल.’’

खरं सांगते, जावंसं वाटलं. पाय तयार होते. मुलं गोड होती. आणि ढगांच्या वर चौखंबा! घड्याळात साडेबारा वाजले होते. उतरायला तास-सव्वा तास लागणार आणि दोनचा शब्द दिलेला.

आयुष्यभर मी बऱ्याच गोष्टींना नाही म्हटलं आहे. पण ते ‘नाही’ कधी माझं नव्हतं. घरी बरं दिसणार नाही, मुलीची शाळा आहे, त्यांना आवडणार नाही. आज अडवणारं कुणीही नव्हतं. पुढे जायला मला कुणाची परवानगी लागत नव्हती. परत फिरायलाही नाही.

मी म्हटलं, ‘‘नाही बेटा, मी इथूनच परतते.’’

जाऊ शकत होते आणि गेले नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असण्यात वेगळंच सुख होतं. ती मुलं चोपत्याला व्यवस्थित पोहोचली असतील. त्यांच्याबरोबर गाइड होता, त्यांची तयारी होती. माझी तयारी तळ्यापर्यंतची होती.

निम्मी वाट उतरले आणि आभाळ काळवंडलं. गडगडाट झाला. मंदिराच्या आडोशाला पोहोचते तोच गारा सुरू झाल्या. एप्रिलच्या दुपारी पहाडात हे नेहमीचंच. लाल बुरांसच्या सड्यावर साबुदाण्याएवढ्या गारा पडत होत्या. वीसेक मिनिटं मी भिंतीला टेकून ते पाहत राहिले. मनात आलं, आत्ता मी वर जंगलात असते तर?

गारा थांबल्यावर निसरड्या दगडांवरून काठी टेकत उतरले. गावाच्या तोंडाशी दीदी भेटली. अंगात जाकीट, पायांत बूट, हातात छत्री. वर यायला निघाली होती.

‘‘बीस मिनट,’’ ती म्हणाली, ‘‘बीस मिनट लेट हो आप.’’

दिल्लीत दोन तास उशिरा घरी आले, तरी मला अपराधी वाटतं आणि चिडही येते. तिच्या त्या वीस मिनिटांनी मात्र पोटात ऊब आली. सासूबाईंचं वाक्य तेव्हा मला पुरतं कळलं. एकटीने जाणं म्हणजे कुणाला न सांगता जाणं नव्हे. कुणीतरी घड्याळाकडे बघत असतं, म्हणून तर एकटीने जाता येतं.

तुम्हालाही जायचं असेल तर

- मार्च ते मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हे महिने चांगले. बुरांस पाहायचा असेल, तर मार्च-एप्रिल. पावसाळ्यात दरडी कोसळतात, भर हिवाळ्यात वाटेवर बर्फ असतं.
- सारीत मुक्काम करा आणि उजाडताच निघा. पाण्यातलं प्रतिबिंब सकाळच्या शांत हवेतच दिसतं. घरचे फोन आदल्या रात्री आटपा!
- दोन वेळा ठरवा. परत पोहोचण्याची आणि मागे फिरण्याची. पहिली होमस्टेवाल्यांना सांगा, दुसरी स्वतःला. तळं दिसलं नसलं, तरी दुसरी वेळ झाली की वळा.
- चांगली पकड असलेले बूट, काठी, रेनकोट, एक गरम कपडा, दीड लिटर पाणी, खाऊ, शिट्टी, टॉर्च, पॉवर बँक आणि नेहमीची औषधं बरोबर ठेवा. रोख पैसेही ठेवा.
- मुख्य वाट सोडून शॉर्टकट घेऊ नका. तळ्यापुढची रोहिणी बुग्याळची वाट लांबची आणि जंगलातली आहे. तिथे एकटीने जाऊ नका, स्थानिक गाइड घ्या.
- डोकं दुखलं, मळमळलं, तर पुढे न जाता खाली उतरा. रेंज असेल तिथे मदतीसाठी ११२ लावता येतो.
- आपला कचरा आपणच खाली आणा. २०१८ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने बुग्याळांवर रात्रीच्या मुक्कामाला मनाई केली. त्यामुळे तंबूचा आग्रह न धरता गावातच राहा. पैसाही गावातल्या बायकांच्या हाती जातो.

त्या रात्री चुलीपाशी बसून घरी फोन लावला. नवऱ्याने तब्येत विचारली, लेकीने फोटो मागितले. मग फोन सासूबाईंकडे गेला.

‘‘काय पाहिलंस?’’

‘‘ढग,’’ मी म्हटलं.

त्या क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, ‘‘मग काय, परत जावं लागणार तुला.’’